सात-बारा नसलेल्यांचा व्हिसा

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे काही प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालिकेच्या बाराव्या खंडातही ते आले. या लेखनाचे शीर्षक आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. पण आत कुठे परदेशी वकिलात नाही की विमानतळ नाही. मसूरच्या स्टेशनवर अडकून पडलेली महाराची पोरे आहेत. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला आणि तरीही बडोद्यात राहायला जागा न मिळणारा एक अधिकारी आहे. दौलताबादच्या किल्ल्यातील हौदाचे पाणी आहे. आपल्याच देशात पाऊल टाकायला ज्याला दुसऱ्याची परवानगी लागते, त्या माणसाची ही कैफियत आहे.

आज आम्ही लिहिणार आहोत ते खऱ्याखुऱ्या व्हिसाबद्दल. विलायतेच्या व्हिसाबद्दल. वाचकांना वाटेल, हा विषय पैसेवाल्यांचा, आपल्या पानावर कशाला? तर ते दिवस गेले. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी आपली पोरे-पोरी परदेशी विद्यापीठांत जातात. केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्तीही आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण घराण्यातले पहिले पदवीधर असतात. ती शिकून पदवी घेतात तेव्हा साहजिकच आईबापांना वाटते, आपणही एकदा जाऊन यावे. पोरीच्या डोक्यावरची ती चौकोनी टोपी डोळ्यांनी पाहावी. आणि लंडनला गेलोच तर बाबासाहेब जिथे राहिले त्या घराच्या उंबऱ्याला हात लावावा. एवढीच इच्छा. पण ही इच्छा कागदावर मांडायची वेळ येते तेव्हा काय होते, ते आम्ही अलीकडेच जवळून पाहिले.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. भाऊ नगरपरिषदेत सफाई कामगार होते, आता निवृत्त आहेत. वहिनींनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, कापूस वेचला. नावावर जमीन नाही, राहते घर आहे तेही पत्र्याचे. मुलगी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली, पास झाली. पदवीदान समारंभाला दोन पाहुणे आणता येतील, असे विद्यापीठाने कळवले. घरात दिवाळी झाली. भाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी एका एजंटाकडे गेले. एजंटाने बँकेचे पासबुक पाहिले आणि मान हलवली. भाऊंची पेन्शन महिना अठरा हजारांच्या आसपास, ग्रॅच्युइटीतून उरलेले दोन लाख चाळीस हजार ठेवीत. ‘‘एवढ्यात विलायत होत नसती. खात्यात दहा लाख दिसायला पाहिजेत, निदान सहा तरी,’’ एजंट म्हणाला. आणि ते दिसतील अशी सोयही त्यानेच केली. एका सावकाराचे सहा लाख रुपये आठ दिवसांसाठी भाऊंच्या खात्यात आले, बँकेचे स्टेटमेंट निघाले, पैसे परत गेले. व्याज आणि एजंटाची फी मिळून पंचवीस हजार रुपये खिशातून गेले ते वेगळेच.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. नकार. पत्र इंग्रजीत, दोन पानांचे. मुलीने फोनवर वाचून अर्थ सांगितला. तुमची पेन्शन इतकी, अर्जाच्या काही दिवस आधी खात्यात एकदम इतकी रक्कम आली, ती कुठून आली याचा खुलासा नाही. त्यामुळे तुमची खरी आर्थिक परिस्थिती काय, हे आम्हाला कळत नाही, आणि भेट संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही. समारंभाची तारीख निघून गेली. मुलीने पदवी घेतली तेव्हा तिच्या दोन्ही खुर्च्यांवर मैत्रिणी बसल्या होत्या.

या प्रकरणात अधिकाऱ्याला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण संशय घेतला तो काही अगदी हवेतला नव्हता. ते पैसे खरोखरच भाऊंचे नव्हते. दुःखाची गोष्ट ही, की भाऊंचे स्वतःचे जे दोन लाख चाळीस हजार होते, तीस वर्षे गटारे साफ करून मिळवलेले, ते या सहा लाखांच्या गर्दीत कुणाला दिसलेच नाहीत.

मग नियम खरोखर काय म्हणतो? ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत पाहुण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, परिशिष्ट व्ही. त्यात अर्जदार ‘खरा पाहुणा’ आहे की नाही, हे पाहायला सांगितले आहे. भेट संपल्यावर तो देश सोडेल का, वारंवार येऊन तिथेच मुक्काम ठोकणार तर नाही ना, ज्या कारणासाठी येतो म्हणतो ते कारण खरे आहे का, तिथे नोकरीधंदा तर करणार नाही ना, आणि जाण्यायेण्याचा, राहण्याजेवण्याचा खर्च भागेल इतके पैसे त्याच्यापाशी आहेत का. बस, इतकेच. हा व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा असतो. आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे. खात्यात अमुक लाख असलेच पाहिजेत, असा आकडा या नियमात कुठेही नाही. सात-बारा पाहिजे, फ्लॅट पाहिजे, सोने पाहिजे, असेही नाही. उलट खर्च दुसऱ्या कुणी उचलला तरी चालतो, असे नियमच सांगतो. फक्त त्या व्यक्तीशी तुमचे खरे नाते किंवा कामाचा संबंध असला पाहिजे, तिची ऐपत असली पाहिजे आणि ती स्वतः तिथे बेकायदा राहणारी नसावी. म्हणजे कमावत्या मुलीने आईबापांचा खर्च करणे पूर्णपणे नियमात बसते. दहा लाखांचा आकडा हा एजंटांच्या दुकानातला माल आहे.

तरीही प्रश्न संपत नाही. कारण ‘परत जाईल का’ हे मनातले उत्तर अधिकारी कशावरून ओळखणार? मुलाखत बहुतेक वेळा होतच नाही, सगळा निकाल कागदांवर. मग कागदात तो काय शोधतो? कायमची नोकरी, नियमित पगार, स्वतःची मालमत्ता, मागे राहिलेले कुटुंब, आधी केलेले परदेश प्रवास. मूळ गावाशी बांधून ठेवणारे धागे म्हणून याच गोष्टी मोजल्या जातात. ज्याच्याकडे वाड्या-बागायती आहेत त्याचे मन गावात अडकलेले, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याचे मन कुठेही पळायला मोकळे, असा हा हिशेब आहे. नियम हेतू मोजायला जातो आणि मोजतो मालमत्ता. अधिकाऱ्याला तुमची जात माहीत नसते, विचारायचीही नसते. पण भूमिहीन कोण आहे, असंघटित क्षेत्रात रोजंदारीवर कोण आहे, ज्याच्या आज्याने-पणज्याने कधी समुद्र ओलांडला नाही तो कोण आहे, हे या देशात कुणी ठरवले? शेकडो वर्षे जमीन धारण करू दिली नाही, आणि आता जमीन नाही म्हणून तुमचा भरवसा नाही! जातीने केलेली कंगाली व्हिसाच्या अर्जात नुसती रकमेच्या रूपाने उतरते, तिच्यामागचे कारण लिहायला रकाना नसतो.

आणि वहिनींचा गावाशी धागा नाही असे कोण म्हणेल? त्यांची म्हातारी सासू घरी आहे. मुलगा तालुक्याला शिकतो. बचत गटाच्या त्या खजिनदार आहेत. वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. एजंटाने यातले एक अक्षरही अर्जात लिहिले नव्हते. त्याच्या लेखी ते कामाचे नव्हते.

थोडे मागे जाऊ. बाबासाहेब १९१६ मध्ये अमेरिकेतून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. पैसे संपले, १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, थोडी स्वतःची बचत, थोडी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले उसने पैसे यांवर. उसने पैसे! आजच्या अर्जात ही रक्कम कशी दाखवली असती, हा विचार मनात येतोच. पण त्यांना ब्रिटनचा व्हिसा लागला नाही. युद्धाच्या काळात पासपोर्टची सक्ती आली होती आणि १९२० च्या कायद्याने ती पक्की केली, परंतु ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन साम्राज्याच्या राजधानीत येऊ शकत होता. म्हणून गुलामी बरी होती, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. साम्राज्याला आमचा कच्चा माल, आमचे सैनिक आणि आमचे मजूर पाहिजे होते, तेव्हा दार उघडे होते, इतकेच. आणि १९३० साली इकडे नाशिकला काळाराम मंदिराचे दार सत्याग्रहींना बंद होते, तेव्हा तिकडे गोलमेज परिषदेसाठी लंडनचे दार बाबासाहेबांना उघडे होते, हेही विसरता येत नाही.

ते दार पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते, तेव्हा राष्ट्रकुलातले लोक जात होते. पंजाबातले चर्मकार समाजातील बांधव याच काळात मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९६२ च्या कायद्याने कामाचे परवाने आले. १९६८ मध्ये केनियातले आशियाई ब्रिटिश पासपोर्ट घेऊन येऊ लागले, तर घाईघाईने नवा कायदा झाला. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी ज्याचा बाप किंवा आजा ब्रिटनमध्ये जन्मला, नोंदला गेला वा नागरिक झाला नव्हता, त्याच्यावर निर्बंध. १९७१ च्या कायद्याने हीच कल्पना आणखी पक्की केली. बाप कोण, आजा कोण, यावरून माणसाचा हक्क ठरवायचा ही रीत आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको. १९७९ साली लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली. वर्तमानपत्रांत ते छापून आल्यावर जगभर छी-थू झाली. आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून भारतीय पाहुण्यांना आधी व्हिसा घेऊनच निघणे सक्तीचे झाले.

हे सारे जुने झाले म्हणावे, तर अलीकडचेही ऐका. २०१३ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया आणि घाना या सहा देशांतल्या काही पाहुण्यांकडून ३००० पौंड अनामत घ्यावी, असा बेत तिथल्या सरकारने केला होता. ओरड झाली, बेत मागे घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा, नकाराविरुद्ध पूर्ण अपील करण्याचा हक्क काढून घेतला गेला. २०१५ पासून व्हिसाचे अर्ज चाळायला एक संगणकीय यंत्रणा वापरली जात होती. ती अर्जांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग द्यायची आणि त्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व मोजले जायचे. काही राष्ट्रीयत्वांची ‘संशयित’ म्हणून वेगळी यादी होती आणि ती गुप्त होती. लाल रंग मिळाला की अर्ज जास्त बारकाईने तपासला जाणार, नाकारला जाण्याची शक्यता वाढणार. दोन संघटनांनी कोर्टात आव्हान दिल्यावर, निकालाची वाट न पाहता सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये ही यंत्रणा बंद केली. जन्मावरून रंग, रंगावरून वागणूक! श्रेणीबद्ध विषमता फक्त मनूलाच सुचते, असे नाही.

आजचा हिशेब पाहा. अमेरिकन, ऑस्ट्रेलियन किंवा युरोपियन पाहुण्याला ब्रिटनला जायला व्हिसा लागत नाही. मोबाईलवरून एक परवानगी काढायची, तिचे शुल्क ९ एप्रिल २०२५ रोजी १६ पौंड झाले. बहुतेकांना ती लगेच मिळते आणि दोन वर्षे चालते. त्याच दिवशी आपल्या सहा महिन्यांच्या पाहुणा-व्हिसाचे शुल्क ११५ पौंडांवरून १२७ पौंड झाले, म्हणजे माणशी चौदा-पंधरा हजार रुपये. नकार आला तर ते परत मिळत नाहीत. (शुल्क वरचेवर वाढते, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.) भाऊ-वहिनींचे मिळून जवळपास तीस हजार गेले, वर एजंटाचे पंचवीस.

आता नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण नियम माहीत करून घेणे आहे, आणि तिथे आपण कमी पडतो. अर्ज ऑनलाइन असतो, इंग्रजीत असतो. महिन्याचे उत्पन्न किती, खर्च किती, शिल्लक किती, प्रवासाचा खर्च कोण करणार, तुमच्यावर अवलंबून कोण आहे, मागच्या दहा वर्षांत कुठे गेला होता, कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असे प्रश्न असतात. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरावेत. मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतर करणाऱ्याचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क पाहिजे. तलाठ्याचा दाखला, बचत गटाचे पत्र, पेन्शनचा आदेश, मुलाच्या शाळेचे बोनाफाईड असे सगळे कागद अशा भाषांतरासह लावता येतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरे लिहा. खात्यात चाळीस हजार असतील तर चाळीस हजार दाखवा आणि उरलेला खर्च कोण, कशातून करणार, हे पुराव्यासह सांगा. खात्यात एखादी मोठी रक्कम खरोखरच आली असेल, ग्रॅच्युइटी असो, बैल विकल्याचे पैसे असोत, ती कुठून आली याचा कागद जोडा. खोटा दाखला, खोटे स्टेटमेंट लावले आणि ते पकडले गेले, तर नुसता नकार मिळत नाही, पुढची दहा वर्षे अर्जच नाकारले जाऊ शकतात. भाऊंच्या बाबतीत गोष्ट तिथवर गेली नाही, हे नशीब. आणि आधीचा नकार कधीही लपवू नये. तो त्यांच्याकडे नोंदलेला असतोच. ‘हो, नाकारला होता, या कारणासाठी, आणि त्याचा खुलासा असा’ असे सरळ लिहावे. नकारानंतर पुन्हा नवा अर्ज करता येतो, त्याला काही मुदतबंदी नाही. पण कारण दूर न करता पुन्हा तेच कागद लावले, तर पुन्हा तेच उत्तर येते.

व्हिसा मिळाला म्हणजे सगळे झाले, असेही समजू नका. विमानतळावर अधिकारी पुन्हा विचारू शकतो. कशाला आलात, किती दिवस, कुठे उतरणार? मुलीचा पत्ता, परतीचे तिकीट, अर्जासोबतच्या कागदांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, सामानाच्या बॅगेत नाही. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणावे, घाबरून ‘यस’ म्हणू नये. ‘काही काम करणार का?’ याला ‘यस’ असे उत्तर गेले, तर पुढचा सगळा प्रवास त्या एका शब्दावर अडकतो.

आणखी एक भीती एजंट लोक घालतात, पासपोर्टवरच्या ‘ई.सी.आर.’ शिक्क्याची. पन्नाशीच्या आतल्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तो सहसा असतो. वहिनींच्याही आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार तो आखाती देशांसारख्या ठरावीक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटन त्या यादीत नाही, आणि वहिनी नोकरीला चाललेल्या नाहीत. ‘हा शिक्का काढायला पाच हजार लागतील’ असे कुणी म्हणाले, तर सरळ उठून यावे. मात्र या शिक्क्यामागची वृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाने अशा लोकांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा करायचे ठरवले होते. शिकलेल्यांचा निळा, न शिकलेल्यांचा नारिंगी! देशभर टीका झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला निर्णय मागे घेतला. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात त्याला आणखी बळ दिले. आपल्याच संविधानातल्या २१ व्या कलमातून निघालेला हा हक्क. त्याला रंग लावायला कुणाला तरी सुचतेच.

आता त्या घराविषयी. १०, किंग हेन्रीज रोड, लंडनच्या उत्तर भागात, चॉक फार्म भुयारी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. हे घर विकायला निघाल्याचे तिथल्या आंबेडकरी संघटनांच्या फेडरेशनच्या लक्षात आले, त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले, तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून. त्या नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. पण गंमत पाहा, घरालाही परवानगी लागली! निवासी इमारतीचे स्मारक करायला स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला, काही शेजाऱ्यांच्या हरकती होत्या, सुनावणी झाली आणि शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली. बाबासाहेबांच्या घरालाही व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागले म्हणायचे. जाणाऱ्यांनी तिथून एलएसईतला बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहावा, ग्रेज इनचा परिसर पाहावा, आणि ब्रिटिश म्युझियमची ती गोल वाचनखोली ज्या इमारतीत आहे, तिथेही थोडा वेळ थांबावे.

शासनाला आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांना परदेशी पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती देता, तिच्याबद्दल दुमत नाही. त्याच मुलांच्या आईबापांसाठी समाजकल्याण आयुक्तालयाने एक पत्र द्यायला काय हरकत आहे? ‘यांची मुलगी शासनाच्या खर्चाने शिकायला गेली आहे, हे तिचे आईवडील आहेत’ इतके शासकीय शिक्क्यानिशी इंग्रजीत लिहिले, तर व्हिसा मिळेलच असे नाही, पण ‘खरा पाहुणा’ कोण याला पुरावा मिळेल. बार्टीने वर्षातून दोनदा पालकांना अर्ज भरायला बसवावे. आणि शासन करीपर्यंत आपण थांबू नये. दाखले काढायला, फॉर्म भरायला आपल्या वस्तीतली शिकलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या मदत करीत आलीच आहेत. इंग्रजी जाणणाऱ्या चार जणांनी रविवारी विहारात बसून व्हिसाचे अर्ज तपासून दिले, तरी एजंटांची निम्मी दुकाने बंद होतील.

भाऊंचा दुसरा अर्ज गेल्या महिन्यात आम्हीच बसून भरला. मुलगी आता शिक्षणानंतर मिळणाऱ्या दोन वर्षांच्या व्हिसावर तिथेच नोकरीला आहे. तिचे पगारपत्रक, तिचे पत्र, तिच्या खोलीचा करार जोडला. भाऊंचे दोन लाख चाळीस हजार, जसे आहेत तसे. सहा लाखांचे काय झाले, तेही लपवले नाही. एका एजंटाच्या सांगण्यावरून चूक झाली, ती रक्कम आमची नव्हती, असे सोबतच्या पत्रात सरळ लिहिले. हे लिहावे की नाही, यावर भाऊ आणि मुलगी यांचा फोनवर अर्धा तास वाद झाला, मुलगी जिंकली. सासूबाईंचे वय, मुलाचे कॉलेज, बचत गटाचा ठराव, सगळे भाषांतर करून लावले. जाण्याचे कारण : मुलीला भेटणे, आणि १४ एप्रिलला किंग हेन्रीज रोडवर जाणे. बावीस दिवसांचा मुक्काम.

सगळे वाचून दाखवले, तेव्हा वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मागच्या वेळी केंद्रावर त्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हते. खुरप्याने आणि कापसाच्या बोंडांनी रेघा झिजून गेलेल्या. हात धुवायला लावले, पुसायला लावले, सहाव्यांदा ठसा उमटला, तोवर मागे रांगेतले लोक बघत होते. तेच त्यांच्या मनात होते.

‘‘आता परत बोटं द्यावी लागतील का ओ?’’ त्यांनी विचारले.

‘‘लागतील, वहिनी. दहाही.’’

‘‘मग आठ दिवस निंदायला जात नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि खोबरेल तेलाची बाटली काढून देवळीत समोर ठेवली.